नावाखालचा आकडा : महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि आपली उद्योगनगरी

चाकणच्या एखाद्या मध्यम कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेर सकाळी दहाच्या सुमाराला उभं राहावं. तीन दिवस तापानं घरी राहिलेला कामगार रजेच्या अर्जाला मेडिकल सर्टिफिकेट जोडून खिडकीतून आत सरकवतो. आतला क्लार्क आजाराचं नाव वाचत नाही, डॉक्टरांचं नावही वरवरच बघतो. त्याचं बोट थेट खाली शिक्क्यावर जातं. तिथे नोंदणी क्रमांक असला तर कागद फायलीत जातो. नसला तर खिडकीतून परत येतो : "डॉक्टरांचा नंबर घालून आणा."

हा नंबर देणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषद. तिच्या १९६५ च्या कायद्याला साठ वर्षं झाली आणि मूळ मुंबई कायद्यापासून मोजलं तर शंभरी कधीच उलटली. आपल्या भागातल्या डॉक्टरांच्या स्मरणिकेत या परिषदेचा इतिहास असावा, असं संपादक मंडळानं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी भोसरीत चाळीस वर्षं दवाखाना चालवतो आणि त्यातली बरीच वर्षं कारखान्यांत डॉक्टर म्हणूनही गेलो आहे. त्यामुळे हा इतिहास मुंबईच्या कचेरीतून दिसतो तसा मला लिहिता येणार नाही. भोसरीतून दिसला तसा लिहितो.

गावात वैद्याची ओळख पिढ्यांची असते. त्याचा बाप कोण, त्याच्या हाताला गुण आहे का, हे पारावर ठाऊक असतं. आपल्याकडे आलेला माणूस मात्र लातूरहून, बीडहून, बिहारहून एक पिशवी घेऊन उतरलेला असतो. भाड्याच्या खोलीत चौघं राहतात आणि दुखलंखुपलं तर समोर दिसेल त्या पाटीखाली जातात. पाटीमागच्या माणसाबद्दल त्यांना सांगणारं कुणी नसतं. तिथे गावाच्या ओळखीचं काम या आकड्याला करावं लागतं.

१९१२ ते १९३० : पहिली वही

इंग्लंडमध्ये १८५८ च्या कायद्यानं डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. आपल्याकडे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून, पुण्यातली बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ पासून शिकवत होती. शिकलेले डॉक्टर तयार होत होते, पण कोण शिकलेला आणि कोण नाही हे एका जागी लिहिलेलं नव्हतं. १९१२ साली मुंबई इलाख्यानं 'बॉम्बे मेडिकल अॅक्ट' केला आणि परिषद स्थापन झाली. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत असे कायदे १९१४ मध्ये आले. म्हणजे देशात ही वाट आपल्या इलाख्यानं आधी पाडली.

त्या वहीला सुरुवातीला आजच्याइतकी धार नव्हती. तिच्या बाहेर राहूनही माणूस रोगी तपासू शकत होता. पण कायद्याला लागणारा दाखला द्यायचा किंवा सरकारी नोकरी धरायची, तर नाव वहीत हवं. म्हणजे टाइम ऑफिसच्या खिडकीत आज जे चालतं, त्याचं बी तिथेच पडलं. १९१६ मध्ये खोट्या पदव्या लावण्याला आळा घालणारा कायदा सर्व देशासाठी आला.

त्या पहिल्या पिढीतल्या सभासदांनी आणि कारकुनांनी हातानं नावं लिहिली, पदव्यांची कागदपत्रं ताडून पाहिली, मृत सभासदांची नावं कमी केली. त्यांची नावं आज फारशी कुणाला माहीत नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या त्या नावांवरच पुढचं सगळं उभं आहे.

१९३१ ते १९५० : देशाचं रजिस्टर, वैद्यांची यादी

१९३० मध्ये ब्रिटिश परिषदेनं हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. दर्जा कोण ठरवणार, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्याला उत्तर म्हणून १९३३ चा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय वैद्यक परिषद उभी राहिली. प्रांताची परिषद नाव नोंदवणार आणि केंद्राची परिषद शिक्षणाचा दर्जा बघणार, ही विभागणी तेव्हापासूनची.

आपल्या इलाख्यात याहून मोठी गोष्ट १९३८ मध्ये घडली. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि आरोग्यखातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. त्या वर्षी वैद्य आणि हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला. पदवीधरांसाठी नोंदवही आणि पदवी नसलेल्या अनुभवी लोकांसाठी वेगळी यादी. मावळात आणि खेडमध्ये तेव्हा माणसं औषधाला जात ती बहुतेक वैद्यांकडेच. कायद्यानं त्यांना बाहेर ढकललं नाही, त्यांना कागदावर आणलं. मला या सगळ्या इतिहासातलं हे पाऊल सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

परिचारिकांची नोंदणी १९३५ च्या मुंबई कायद्यानं सुरू झाली. १९४६ मध्ये भोर समितीनं एकच एक पायाभूत डॉक्टर, म्हणजे एम.बी.बी.एस., अशी शिफारस केली आणि एल.सी.पी.एस. या जुन्या पदविकेचे दिवस भरत आले. माझ्या लहानपणी पुणे जिल्ह्यात एल.सी.पी.एस. डॉक्टरांच्या पाट्या अजून होत्या, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. ते डॉक्टर वहीतले होते आणि लोकांच्या मनातलेही. १९४८ साली औषधविक्रेत्यांसाठी फार्मसी कायदा, दंतवैद्यांसाठी दंतवैद्यक कायदा आणि कारखान्यांसाठी फॅक्टरीज अॅक्ट असे तीन कायदे एकाच वर्षात आले. या तिन्ही कायद्यांची गाठ पुढे आपल्याच भागात पडायची होती.

१९५१ ते १९६० : पेनिसिलिन पिंपरीत

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. वर्षभरात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आधी परदेशातून येणारं औषध मुंबई-पुणे रस्त्यावरच्या माळरानात बनायला लागलं, याचं अप्रूप जुनी माणसं अजून सांगतात.

पण पेनिसिलिनचं इंजेक्शन कुणाच्या हातून द्यायचं? ज्याला त्याची अॅलर्जी आहे त्याचा प्राण काही मिनिटांत जाऊ शकतो. आधी थोडं टोचून बघायचं, अॅड्रिनॅलिन हाताशी ठेवायचं, हे शिकलेल्यालाच माहीत. औषध गावोगाव पोहोचलं तेव्हा सुई कुणाच्याही हातात जाण्याची भीती खरी झाली. १९५६ मध्ये केंद्राचा नवा कायदा आला. आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय राज्याच्या रजिस्टरात नाव असलेल्यानंच करावा, हे पुढे १९६४ च्या दुरुस्तीनं त्यात लिहिलं गेलं.

१९६१ ते १९७० : तीन वह्यांची एक वही

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा डॉक्टरांच्या वह्या एक नव्हत्या. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबईच्या १९१२ च्या कायद्याखाली, विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९१६ च्या कायद्याखाली आणि मराठवाडा निझामी राजवटीतून आलेल्या व्यवस्थेखाली. नागपूरचा डॉक्टर आणि पुण्याचा डॉक्टर एकाच राज्यात, पण नावं वेगळ्या दप्तरांत. १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद कायद्यानं ही दप्तरं एकत्र आली. राज्य एक झालं, त्याच्या मागोमाग त्याचे डॉक्टर एक झाले.

आयुर्वेद आणि युनानीसाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा आला. त्याचं कलम ३३ आज पोलीस ठाण्यात सर्वांना पाठ आहे, कारण नोंदणी नसताना रोग्यांवर उपचार करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो तो याच कलमाखाली. १९६६ च्या कायद्यानं परिचारिकांची राज्य परिषद नव्यानं बांधली गेली.

याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी आली आणि भोसरीच्या शेतांत शेड दिसायला लागल्या.

१९७१ ते १९९० : भोंगा आणि दवाखाना

१९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. गावं झपाट्यानं वाढली, दवाखाने त्या वेगानं वाढले नाहीत. कामगार विमा योजनेच्या (ईएसआय) पॅनेलवरचे डॉक्टर एका संध्याकाळी दीडदोनशे कार्डं बघायचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय सुरू झालं तेव्हा कुठे गरीब माणसाला ससूनच्या आधी एक दार मिळालं.

मी १९८४ मध्ये भोसरीत बसलो. त्याआधी नोंदणीसाठी मुंबईला गेलो होतो. पहाटे चिंचवडला गाडी धरली. बरोबर पदवीचं भेंडोळं, इंटर्नशिपचा दाखला, दोन फोटो. वडील म्हणाले होते, "नंबर मिळाला की लगेच पाटी रंगवून घे. आधी नको." ते प्राथमिक शिक्षक होते आणि अंगावर नसलेलं बिरूद पाटीवर लावणं त्यांना पाप वाटायचं. प्रमाणपत्र आलं ते त्यांनी स्वतः चौकटीत घालून आणलं. ते अजून दवाखान्यात तपासणीच्या टेबलासमोर, रोग्याला बसल्या जागी वाचता येईल अशा उंचीवर आहे.

दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे एक प्रेस ऑपरेटर आला. वय चोविसेक. चार महिने खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. खोलीजवळच्या एका 'डॉक्टरां'कडे तो दर आठवड्याला जायचा. ते एक इंजेक्शन द्यायचे आणि लाल रंगाची बाटली लावायचे. त्यानं जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या माझ्यासमोर पसरल्या, सतरा होत्या. एकीवरही डॉक्टराचं पूर्ण नाव नव्हतं, पदवी नव्हती, क्रमांक नव्हता. बेडक्यात जंतू निघाले. औषधं सुरू झाली आणि तो बरा झाला, पण त्या चार महिन्यांत त्याच्या खोलीतले उरलेले तिघंही त्याच हवेत झोपले होते. त्यातल्या एकाला पुढे क्षय निघाला. त्या दिवसापासून मी नवीन रोग्याची जुनी चिठ्ठी हातात घेतली की आधी खालचा कोपरा बघतो.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना झाली. तिचे पडसाद कारखाना कायद्याच्या १९८७ च्या दुरुस्तीत उमटले. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांच्या तब्येतीची नोंद ठेवणं आणि त्यासाठी पात्र डॉक्टर ठेवणं बंधनकारक झालं. पन्नासपर्यंत कामगार असतील तर ठरावीक वेळेचा डॉक्टर, दोनशेपर्यंत अर्धवेळ, त्याच्या वर पूर्णवेळ. आणि नुसता एम.बी.बी.एस. पुरेना, औद्योगिक आरोग्याची एएफआयएच ही पात्रता हवी. मी तिच्यासाठी शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये तीन महिने शिकलो. शिसं रक्तात किती चढलं की माणसाला त्या खात्यातून हलवायचं, फोर्जिंगच्या धडधडीत कान कसा जातो, सिलिकाची धूळ फुफ्फुसात काय करते, हे मला कॉलेजनं इतक्या बारकाईनं शिकवलं नव्हतं. नोंदणी ही पहिली पायरी आणि त्यावर कामाला लागणारी वेगळी पात्रता, हा विचार औद्योगिक पट्ट्यात आमच्या पिढीला आधी कळला.

१९९१ ते २००० : न्यायालयाचं दार

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. त्या वेळी आमच्यात बरीच अस्वस्थता होती. सभा झाल्या, तीव्र मतं मांडली गेली. त्यांची उजळणी करण्याची ही जागा नव्हे. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एका खटल्यात न्यायालयानं सांगितलं की, एका पद्धतीची नोंदणी घेऊन दुसऱ्या पद्धतीची औषधं देणं हाच मुळात निष्काळजीपणा. वहीतलं नाव कोणत्या वहीतलं आहे, यालाही अर्थ आला.

१९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं आणि राज्यातल्या डॉक्टर, परिचारिका, वैद्य, दंतवैद्य या सर्वांच्या पदव्या एका छपराखाली आल्या. दशक सरता सरता चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि उद्योगनगरीनं इंद्रायणी ओलांडली.

२००१ ते २०१० : शिकत राहण्याचा नेम

२००२ च्या आचारसंहितेनं क्रमांकाला घराघरांत नेलं. प्रत्येक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर, पावतीवर नोंदणी क्रमांक लिहायचा, दवाखान्यात दिसेल असा लावायचा. रोग्याची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि त्यानं मागितली तर बहात्तर तासांत द्यायची. परदेशात शिकून आलेल्यांसाठी त्याच वर्षी चाळणी परीक्षा सुरू झाली. रशियाहून परतलेली आपल्या भागातली मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसायची. त्यांच्या जिवाची घालमेल मी बघितली आहे, तरी ती परीक्षा हवी असंच माझं मत आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुणांचं निरंतर शिक्षण परिषदेनं लागू केलं. आपल्या भागातल्या ज्येष्ठांनी यात मनापासून काम केलं. रविवारची झोप मोडून व्याख्यानं ठरवायची, हॉल मिळवायचा, परिषदेची मान्यता आणायची. परिषदेचे निरीक्षक येऊन मागच्या रांगेत बसायचे आणि शेवटचं व्याख्यान संपेपर्यंत हलायचे नाहीत. त्यामुळे आम्हीही हलायचो नाही. डेंगीच्या रोग्याला प्लेटलेट कधी द्यायच्या आणि कधी नाही, हे मी अशाच एका रविवारी चिंचवडला शिकलो आणि त्या पावसाळ्यात त्याचा उपयोग झाला. ज्या मंडळींनी या सभांच्या खुर्च्या मांडल्या आणि चहा सांगितला, त्यांचं श्रेय व्याख्यात्यांपेक्षा कमी नाही.

याच काळात फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार यांची राज्य परिषद आली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या.

२०११ ते २०२० : महानगर आणि महामारी

परिषदेचा कारभार या दशकात कधी निवडून आलेल्या सभासदांनी, कधी प्रशासकांनी चालवला. काम थांबलं नाही, एवढं इथे पुरे. चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावरच्या आनंद कॉम्प्लेक्समधली कचेरी हळूहळू संगणकावर आली आणि आपल्या तरुण डॉक्टरांची मुंबई फेरी कमी झाली.

परिचारिकांचा प्रश्न आपल्याकडे निराळा आहे. इथल्या रुग्णालयांत केरळच्या सिस्टर पुष्कळ. तिथल्या परिषदेचं ना-हरकत पत्र आणायचं, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव लावायचं आणि मधल्या काळात कामावर घ्यायचं की नाही याचा पेच. केंद्राच्या परिचर्या रजिस्टरात प्रत्येकीला देशभर चालणारा एक क्रमांक मिळायला लागला तेव्हा त्यांचं ओझं हलकं झालं.

मग २०२० चा मार्च आला. राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले, लगोलग आपल्या शहरात. २५ मार्चला दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. फोनवर, व्हॉट्सअॅपवर सल्ला द्यायला परवानगी मिळाली, पण चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवाच. त्या महिन्यांत अफवा इतक्या होत्या की कुणाचा निरोप खरा मानायचा हे माणसांना कळेना. माझ्या जुन्या रोग्यांनी मला फोनवर सांगितलं, "डॉक्टरसाहेब, खाली नंबर टाकून पाठवा, म्हणजे मेडिकलवाला औषध देतो." नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभं राहिलं तेव्हा तिथे डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ तातडीनं भरती झाले. कागद तपासायला वेळ नव्हता, तरी तपासावे लागले. त्या रात्री जागलेल्या सर्वांना, ज्यांनी रोगी सांभाळले त्यांना आणि ज्यांनी नुसत्या याद्या ताडल्या त्यांनाही, हा इतिहास लिहिताना नमस्कार करतो. त्यातले काही जण परत आले नाहीत.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला भारतीय वैद्यक परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं घेतली.

२०२१ पासून

आता वही देशाची होते आहे. २०२१ च्या कायद्यानं लॅब तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ अशा पन्नासहून अधिक व्यवसायांना राष्ट्रीय आयोग मिळाला. हे उशिरा झालं असं मी स्पष्ट म्हणतो. चाकणच्या एखाद्या लॅबमध्ये रक्ताचा नमुना चुकीच्या नळीत गेला तर माझं निदान चुकतं, आणि तो नमुना घेणारा कुठे शिकला हे इतकी वर्षं कुणी लिहून ठेवत नव्हतं. २०२३ मध्ये परिचर्या आणि दंतवैद्यकासाठी नवे आयोगांचे कायदे झाले. २३ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय वैद्यकीय रजिस्टरचं पोर्टल सुरू झालं. राज्य परिषदेत नाव आहे तेच तिथे जाणार. म्हणजे १९१२ ची ती वही मिटली नाही, मोठी झाली.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केला तर त्यांची नोंद कुठे करायची, यावर अलीकडे मतभेद झाले. दोन्ही बाजूंना आपले सहकारी आहेत आणि दोघंही वाड्यावस्त्यांवर काम करतात.

बोगस डॉक्टरांच्या शोध समित्यांचं काम चालू आहे. महापालिका हद्दीत आरोग्य विभाग आणि पोलीस मिळून नोंदणी नसलेल्या दवाखान्यांवर जातात. म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे या बाजूला हद्द बदलली की यंत्रणा बदलते आणि तिथे अजून बरंच करायचं आहे. आमच्यातले काही जण महिन्यातून एकदा कामगारांच्या वस्तीत जाऊन चिठ्ठी कशी वाचायची एवढंच शिकवतात : नाव, पदवी, क्रमांक, तारीख.

परिषदेनं आता क्यूआर कोड दिला आहे. मी तो चौकटीतल्या प्रमाणपत्राच्या खाली चिकटवला आहे. परवा एक मुलगा आला, उदगीरकडचा, चाकणच्या वायर हार्नेसच्या कारखान्यात कंत्राटी. डोकं दुखत होतं. बसायच्या आधी त्यानं फोन काढला, कोड धरला आणि पडद्यावरचं नाव सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

त्यानं फोन खिशात ठेवला, स्टूल पुढे ओढलं आणि रक्तदाब बघायला बाही वर केली.